व्हॉलमन

एकतीस वर्षं यावलच्या सात गल्ल्यांचं पाणी
माझ्या मनगटात होतं.
खड्ड्यात उतरायचं, लोखंडी चावी बसवायची,
बावीस फेरे उजवीकडे, की गल्ली कोरडी.
बाया हंडे धरून ओरडायच्या,
"सुपडूनाना, धा मिन्टं अजून ऱ्हाऊ द्या ना पानी!"
मी घड्याळ बघायचो.
ऐकायचो नाही.

आता जिना उतरताना ऐकतो.
खोकला आला की ऐकतो.
खुर्चीतून उठण्याआधी श्वास धरून ऐकतो,
बेंबीच्या वीतभर खाली
कोण सोडतंय पाणी.

जळगावच्या डॉक्टरने गाठ काढली, छान काढली.
रिपोर्टात शून्य, टिंब, पुन्हा शून्य.
मुलगा म्हणाला, जिंकलो, आणि पेढे वाटले.
माझा पेढा मी उभ्यानेच खाल्ला,
सोफा नवा होता.

नळी काढली त्या दुपारी
ओघळ नर्सच्या चपलेपर्यंत गेला.
"होतं असं, काका," ती म्हणाली.
तिच्या आवाजात केवढी सवय होती.

पॅड फैजपूरहून आणतो.
इथल्या मेडिकलवाल्याच्या घरचं पाणी
मीच सोडायचो ना.
काळी पिशवी, वर झाकायला अर्धा डझन केळी.
केळीच्या मुलखात कोणी केळी विकत आणतं का?
कोकिळाने विचारलं नाही.
सोलून नातवाला दिली.

पहाटे दोरीवर चादर असते.
शेजारीण बघते. कोकिळा सांगते, पोराने ओली केली.
पोरगं चार वर्षांचं,
अंगणभर ओरडत फिरतं,
"मी नही केली! मी नही केली!"

मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री,
तांब्या समोर, मी नुसते ओठ भिजवतो.
डॉक्टर रागावला.
पाणी बंद करायचं नाही, म्हणे.
मला, म्हणे.

आवळा, दहा मोजा, सोडा. दिवसातून तीनदा.
मी आकडे मोजत नाही, फेरे मोजतो.
अंधारात, पडल्या पडल्या,
सातव्या फेऱ्याला चावी घसरते.
परवा नवव्याला घसरली.
कोणाला सांगणार?

डिसेंबरात बोरोल्यांच्या मळ्यात भरीत होतं.
पऱ्हाट्यांवर वांगी, धूर, कळण्याची भाकरी,
मिरचीचा ठसका.
कोणीतरी काही सांगितलं, पंगत हसून लोळली.
मी मांड्या आवळून बसलो.
समोर तायडे मास्तर, घडी घातलेल्या पोत्यावर.
तेही हसत नव्हते.

हात धुवायला विहिरीकडे गेलो, मागोमाग आले.
"किती?"
"दिवसाला चार."
"मी दोनवर आलो," म्हणाले,
पोराचा नंबर सांगावा तसं.
मग हळूच,
"शिंक आधी ओळखायची रे भो. ती मानेत येते."

काय बोलावं सुचेना.
दोघे बांधाकडे तोंड करून उभे राहिलो,
पुरुष उभे राहतात तसे,
जुन्या सवयीने, काही काम नसताना.
पायाशी ठिबकची नळी उंदराने कुरतडलेली,
बारीक धार वाया चाललेली.
मला बघवेना.
वाकलो, काडी खुपसली, चिंधी गुंडाळली,
वर गाठ मारली.
थांबली.

वाकताना माझं थोडं गेलं.
जाऊ दिलं.