तिसरं तळं

पत्रकात तीन तळी होती.
माणशी साडेतीनशे, सोबत वाटाड्या,
डबा ज्याचा त्यानं आणायचा.

फाट्यावर जीप थांबली तेव्हा उजाडायचं होतं.
मुंगीलाल दहीकर शेकोटीशी उकिडवा बसलेला,
वनखात्याचा हिरवा शर्ट, पायात रबरी बूट.
आम्हा आठ जणांना त्यानं बोटांवर मोजलं,
मग माझ्या गुडघ्यांकडं पाहिलं
आणि झुडपातून एक काठी तोडून दिली,
काही न बोलता.

उंची किती? टापऱ्यांनी विचारलं.
बँकेतून रिटायर झाल्यापासून त्यांना आकडे पुरत नाहीत.
"आकराशे मीटर. पाटीवर लिवलं हाये."
मग शंभरेक पावलं चालून, उगीचच, समोर बघत,
"मी लेहकडं होतो एक साल, रस्त्याच्या कामावर.
चौदा हजार फुटावर तळं पाह्यलं तिथं.
शाईवानी निळं. काठाला झाड नाई, ढोर नाई.
तोंडात घेतलं तं खारं."

मी हसले, दम लागलेला असताना.
खारं पाणी चाखायला एवढं चढायचं?
मी तर त्यातच नांदले.
पूर्णेकाठी, खारपाणपट्ट्यात,
विहीर काठोकाठ भरलेली
आणि तुरीची डाळ दोन दोन तास रटरटून दाण्याला दाणा.
सासू म्हणायची, सुनेच्या हाताला चव नाही.
हात कशाला, पाणीच तसं होतं,
पण तेव्हा कुणाला सांगता.

पहिलं तळं दिसलंच नाही.
धुकं होतं. मुंगीलालनं खडा फेकला,
डुबुक वाजलं,
"हे पहिलं," तो म्हणाला, आणि आम्ही आवाजाचे फोटो काढले.

दुसऱ्यावर ऊन होतं. सावरीची लाल फुलं पाण्यात,
तीन म्हशी, गळ्यातल्या लाकडी घंटा,
टापऱ्यांच्या पोळ्या, माझं ठेचा-भाकर.
मुंगीलालनं डबा आणलाच नव्हता.
आठ डब्यांतला एकेक घास त्यानं घेतला,
कुणाला नाही म्हटलं नाही, कुणाचं जास्त घेतलं नाही.

आणि तिसरं.
धावड्याच्या रानातून, कातळावरून, बसत उठत
पोचलो तर भेगाळलेली माती.
गव्याचे खूर तिच्यात वाळून पक्के झालेले,
वाट्यांसारखे, रिकामे.

टापऱ्यांनी पत्रक काढलं. घडी उलगडली.
"तीन लिहिलंय."
"तीनच हायेत," मुंगीलाल म्हणाला.
"हे माघात जाते. मिरगात येते."
"मग आम्हाला कशाला आणलं?"
यावर तो बोलला नाही. गुडघ्यावर बसला,
जिथं माती जराशी काळी होती तिथं
हातानं उकरू लागला. कुत्र्यागत. कोपरापर्यंत.

अर्धा तास.
दोघी जणी सावलीत झोपल्या. कुणाला रेंज सापडली नाही.
मी काठीला टेकून त्या खड्ड्यात पाहत होते,
काही नाही, काही नाही,
मग तळाशी एक ओल, नखाएवढी,
मग नखाएवढं आभाळ.

"आमच्या बोलीत याले डा म्हणतात," तो म्हणाला.
डा?
"हाव. पाणी. डा."
एवढंच. एका श्वासात बसणारं.
आम्ही बायका किती कोस आणि किती गुंड्या घालवल्या
त्या गोष्टीला एक अक्षर.

पळसाच्या पानाचा द्रोण करून त्यानं आधी मला दिलं,
गढूळ, दोन घोट, दातांत रेती.
गोड होतं.
गोड म्हणजे साखरेसारखं नाही;
खारं नव्हतं, एवढंच,
पण खारपाणात तीस वर्षं काढलेल्या जिभेला
तेवढ्याला काय म्हणतात ते ठाऊक आहे.

उतरताना त्यानं झिरा बुजवला नाही.
"रातच्याले कोनी येईन," म्हणाला.
कोण, ते विचारलं नाही.

जीपमध्ये टापऱ्यांनी पेन काढलं,
तीनवर काट मारून दोन केलं,
आणि माझ्याकडं बघून, का कुणास ठाऊक,
पेनाचं टोपण लावायचंच विसरले.
मी खिडकीबाहेर बघत होते.
दाढेखाली रेतीचा एक कण होता अजून,
तो मी परतवाड्यापर्यंत थुंकला नाही.