शालनच्या कानानं

सातपुते बाईंनी राजारामपुरीतला क्लास बंद केला
तेव्हा त्यांचा डिजिटल पियानो मी घेतला,
टेम्पोभाड्यासकट, ग्रॅच्युइटीतून.
मुलगा फोनवर म्हणाला, या वयात?
मी म्हटलं, लेथ घरात मावत नाही.

पहिल्या आठवड्यात सगळं मोठ्यानंच वाजलं.
एकतीस वर्षं उद्यमनगरात टर्नर,
हळू म्हणजे चक ढिला,
एवढंच या बोटांना माहीत.
माहितीपुस्तकात चार शब्द होते:
सॉफ्ट, मीडियम, हार्ड, फिक्स्ड.
मी शहाणपणानं सॉफ्ट निवडलं
आणि नुसतं बोट टेकलं तरी घर दणाणलं.
उलटं असतं ते.
सॉफ्ट हलक्या हातांसाठी,
ज्यांचं थोडं पुष्कळ समजून घ्यावं लागतं त्यांच्यासाठी.
हार्ड आमच्यासाठी.
जोर लावा, ते लगेच विश्वास ठेवत नाही.
फिक्स्ड एकदाच लावून बघितलं.
कुरवाळा नाहीतर बुक्की मारा, आवाज तेवढाच,
पहिल्या पाळीच्या भोंग्यासारखा.

सेटिंग बदलायची रीत अशी:
फंक्शनचं बटण दाबून धरायचं
आणि डावीकडची एक पट्टी दाबायची.
ती तेव्हा वाजत नाही.
नुसतं ऐकून घेते.

हार्डवर बसलो आणि मायक्रोमीटर आठवला.
त्याच्या शेपटाला रॅचेट असतो.
जॉबला टेकला की टिक टिक टिक,
पुढं फिरवाल तर फिरेल, आवळणार नाही.
नव्या पोरांना मी सांगायचो,
पिळू नकोस, विचार त्याला.
मीच सांगायचो हे, माझ्याच तोंडानं.
तरी मधला सा
दाबल्यागत न येता टेकल्यागत यायला
बारा दिवस गेले.

टच जमला. टोन राहिला.
मेलोपासून ब्राइटपर्यंत एकवीस घरं.
कानाची मला घमेंड होती.
शिरोलीच्या फाउंड्रीत इलाही मिस्त्री
कास्टिंग साखळीला टांगून हातोडी मारायचा.
ठण्ण, तर पास.
भद्द, तर आत कुठंतरी तडा.
डोळ्यांना न दिसणारी चीर त्यानं मला ऐकायला शिकवली.
त्याच कानानं मी ब्राइट लावलं, पार टोकाचं,
तरी वरच्या पट्ट्या
ओल्या पोत्यात गुंडाळल्यागत.

लसूण सोलता सोलता शालन आतून म्हणाली,
"अवं, कानात सुई घातल्यागत लागतंय."
मी परत वाजवलं. मला सुई सापडेना.
शेवटच्या सात-आठ पट्ट्या तर नुसत्या
टक, टक, दारावरच्या बोटासारख्या.
सातपुते बाईंना फोन केला, पट्ट्या गेल्यात म्हणून.
त्या थोडं थांबल्या. मग म्हणाल्या,
घरात दुसऱ्या कुणाला ऐकायला सांगा.

दुसरं कोण. शालन आली,
लसणाचे हात तसेच हवेत धरून,
मंडईत तागडीचा काटा बघते तशी
मान वाकडी करून उभी राहिली.
"वाजत्यात की सगळ्या.
ही शेवटची तर चांदीच्या वाटीगत."

चांदीची वाटी.
ग्राइंडरशेजारी कानात बोळा न घालता उभा होतो,
कुठल्या पाळीत गेली ती, सांगता यायचं नाही.
इलाही मिस्त्रीनं हे शिकवलं नव्हतं,
की ज्याचा तडा, त्याला ठण्णच ऐकू येतं.

आता असं आहे.
टच माझा, हार्ड.
टोन तिचा. ती ओट्यापासून सांगते,
"कमी करा. अजून. बास बास, लई झालं, जरा वाढवा."
मेलोच्या अलीकडं चौथ्या घरात थांबलोय.
वीज गेली की मात्र सगळं पुसतं,
मशीन पहिल्यासारखं मीडियम-नॉर्मल होऊन बसतं,
आणि सोमवारी आमच्याकडं वीज जातेच.

लाइट आली की तिला हाक मारतो.
"थांबा, कुकर उतरवून येते."
मी उजव्या टोकाची पट्टी दाबतो. टक.
"वाजली?"
"वाजली."