हक्क स्वाधीन

सकाळी दहाला स्कॅनरचा दिवा लागतो.
उजेड पानावरून सरकत जातो
आणि कसरीनं सोडलेली अक्षरं
पडद्यावर येऊन बसतात, मुकाट.
माझं काम त्यानंतरचं.
पुस्तक सगळ्यांसाठी उघडायचं की कुलपात ठेवायचं
ते मी ठरवते. म्हणजे कायदा.
म्हणजे, लेखक कधी मेला त्यावरून.

मेल्यानंतर साठ वर्षं.
तीही मेल्या दिवसापासून नाही,
पुढच्या एक जानेवारीपासून.
बोटांवर मोजते मी अजून.
तक्त्यातला 'मृत्यू' हा रकाना रिकामा राहिला
की संगणक धरून चालतो : लेखक हयात.

दाखल क्रमांक अकराशे सात.
मुठेतल्या माशांवर बासष्ट पानं.
शके अठराशे साठ, किंमत सहा आणे.
कु. गोदावरी रा. लोणकर, पुणे.
मरळ, वाम, आंबळी, शिंगटा,
एकेकाचं चित्र हातानं काढलेलं
खवले मोजून.
आणि दुसऱ्या पानावर, बारीक टायपात :
सर्व हक्क लेखिकेच्या स्वाधीन.

कुमारी.
म्हणजे पुढे आडनाव गेलं असणार, बहुधा नावही.
वैकुंठाच्या जुन्या नोंदींत तीन गोदावरी निघाल्या.
एक सहा महिन्यांची,
एक शके अठराशे साठच्या आधीच गेलेली,
तिसरीचं वय कुणी लिहिलंच नव्हतं.
जन्म-मृत्यूच्या खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं,
"तुमच्या कोण लागतात?"
मी म्हटलं, अकराशे सात.

खरं सांगते,
त्या दिवसांत मी रोज मनात म्हणायचे,
बाई, तुम्ही पासष्ट साल संपायच्या आत गेलेल्या असा.
कुणाच्या मरणाची एवढी घाई
मला कधीच झाली नव्हती.

शेवटी अर्पणपत्रिकेनं हात दिला :
'रघूस. त्याने गळ धरला, बडबड केली नाही.'
मुंढव्यातल्या लोणकरांना फोन लावत गेले.
अकराव्या फोनवर एक थकलेला आवाज,
"रघू माझे वडील."
आत्या सासरी सुशीला झाली. सुशीला झगडे, सासवड.
पुस्तक? ते त्यांना ठाऊकच नव्हतं.
"मासे मात्र सुरेख साफ करायची.
गेली बहात्तरच्या दुष्काळात.
दहाव्याला टँकरचं पाणी होतं."
मग जरा थांबून,
"आम्हाला किती भरावे लागतील?"

भरायचं काही नाही, सही हवी फक्त.
वारस पाच. एक कॅनडात.
दोघांत बांधावरून दावा चाललाय,
एका कागदावर नाव यायला दोघंही तयार नाहीत.

रकान्यात भरलं : १९७२.
आधीही बंदच होतं,
आता तारखेसकट बंद.
एक जानेवारी दोन हजार तेहतीस.
तोवर मी निवृत्त,
आणि माझ्या खुर्चीवर जो कोणी असेल
त्याला हे बटण दाबायची आठवण राहो.

इथे बसून पाहायला मात्र हरकत नाही, मी कळवलं.
ते आले, दोन बस बदलून,
चप्पल दाराबाहेर काढून.
पानं मी सरकवत होते.
आंबळीला ते हसले. मरळीला काही बोलले नाहीत.
शिंगट्यापाशी पडद्याला बोट लावलं,
मोजलं, पुन्हा मोजलं.
"मिशी एक कमी आहे. डावीकडची."

मी भिंग आणून मूळ पान पाहिलं. खरंच कमी होती.

"आबांनी मोजून सांगितल्या असतील," ते म्हणाले.
"त्यांना डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं."

शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवलंय मी.
त्याला कुणाची सही लागत नाही.