चौथा रूळ

तुम्ही गात का नाही, असं कुणी विचारलं
की इल्पो म्हणतो, इथून कोराच कागद जायचा जगाला.

कोत्काची गिरणी बंद पडून अकरा वर्षं.
वाळवणीच्या दालनात ड्रम मांडलेत.
सात्तू काठी आपटते, छपरावरचा बर्फ
थोडा सरकतो;
तोही रेकॉर्ड झालाय.

पाचव्या तुकड्यात नऊ मिनिटं काही घडत नाही.
एकच तार,
खाडी कडेकडेने गोठत यावी तशी.
मग सगळं एकदम
अंगावर.

इल्पोचे वडील वेइक्को,
कान यंत्रांनी कधीच नेलेले,
स्पीकरवर तळहात टेकून बसले होते.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
चौथा रूळ.
वंगण द्या रे त्याला, कण्हतोय.

तुकड्याला तोवर नाव नव्हतं.