सहा रती

नवरत्नांतलं आठवं.
नीलमच्या पलीकडे, लसण्याच्या अलीकडे,
अंगठीच्या कडेला बसवतात ते.
वर्गात नीलम तीन होत्या.
माणिक आमचे मामा,
हिरा समोरच्या मावशी,
मोती हा गल्लीतला कुत्रा.
गोमेदा मात्र मी एकटीच.

हजेरी घेताना पागेबाई चष्मा वर करत
आणि दरवर्षी न चुकता म्हणत, "गोमती."
मी दरवर्षी न चुकता, "हजर."

अर्थ आठवीत कळला.
संस्कृतच्या सरांनी फळ्यावर फोड केली:
गो, म्हणजे गाय. मेद, म्हणजे चरबी.
गाईच्या चरबीच्या रंगाचा दगड.
बाकावरून बाकावर हसू सरकत गेलं,
मधल्या सुट्टीत कुणीतरी हंबरलं.
त्या दिवशी पोळीवरचं तूपसुद्धा
मी कागदानं टिपून काढलं.

बाबा घडियाळी पोळमध्ये खडे जडवायचे.
दिवसभर दुसऱ्यांची माणकं डोळ्यापाशी,
निघताना शेटजींसमोर पाण्यात हात बुडवायचे,
नखांतला सोन्याचा कीस पेढीतच राहावा म्हणून.
तेच ओले हात घेऊन घरी यायचे.
त्या संध्याकाळी मी दारातच अडवलं.

"तू पोटात होतीस," बाबा म्हणाले,
"पेढी चार महिने बंद. उजव्या डोळ्यात तार शिरलेली.
दांडिया बाजारातल्या जोशीबुवांनी पत्रिका मांडली.
राहू. अठरा वर्षं.
म्हणाले, गोमेद घाला. सहा रती, शनिवारी, मधल्या बोटात.
सहा रतींचा भाव मला कोण सांगणार?
मीच तो लोकांच्या अंगठीत बसवत होतो.
मग तू झालीस.
म्हटलं, बोटात नाही तर तोंडात असू दे.
दिवसातून पन्नासदा हाक मारीन.
राहूला काय, ऐकू गेलं म्हणजे झालं."

एवढंच माझ्या नावाचं मूळ:
न परवडलेला खडा.

तेव्हापासून हाका मोजायला लागले.
"गोमेदा, पाणी." "गोमेदा, दिवा घालव."
"गोमेदा," आणि पुढे काहीच नाही,
नुसतं अंगठ्यानं चाचपून पाहावं,
अंगठी जागेवर आहे ना, तसं.

अठरा पुरी झाली तो मार्चमधला गुरुवार.
बाबा ताटावरून म्हणाले, "सुटलो. महादशा संपली.
नको असेल तर बदल आता नाव,
खंडेराव मार्केटात अर्ज मिळतो.
काम झालं की खडासुद्धा काढून ठेवतात."

गेले. खिडकीमागच्या बेननी संगणकात शोधलं.
"आखा वडोदरामां एक ज छे,"
आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला,
हरवलेल्या छत्रीची ओळख पटवून घ्यावी तसा.
"आनो अर्थ शुं?"
चरबी, असं ओठांवर आलं होतं.
म्हणाले, "खडा आहे. मधाच्या रंगाचा."
रांगेतल्या एका पोटुश्या बाईनं विचारलं,
"मुलाला चालेल?"
"मुलाला तर नुसतं गोमेद."
तिनं दोनदा पुटपुटून पाहिलं, मग तिला ठसका लागला.
हसू असावं. पुढचं ठाऊक नाही.

अर्ज कोराच घडी घालून परत आणला.
पाठकोऱ्या बाजूवर बाबांनी किराणा लिहिला:
तूरडाळ दोन किलो, हिंग, काड्यापेटी.

परवा पेढी सुटली त्यांची. हात थरथरतो.
निरोपाला शेटजींनी कागदाच्या पुडीत गोमेद दिला.
पाच रती. एक कमीच.
बाबांनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं.
"काच असली तर आरपार स्वच्छ दिसते.
खरा गोमेद आतून ढवळलेला असतो,
पाण्यात पाक ओतल्यावर रेघोट्या उठतात ना, तसा.
गिऱ्हाइकाला वाटतं, खोट आहे.
त्यावरूनच ओळखायचा, बाई."

मी भिंग बराच वेळ काढलंच नाही.
"गोमेदा," ते म्हणाले,
आणि पुढे काहीच नाही.