मागून पुढे

"आकडे ऐका, सगुणबाब, आणि मागून पुढे सांगा."
बाई तरुण. आडनाव मास्कारेन्हस.
दर आकड्याला एक सेकंद, घड्याळ बघून.
चार, नऊ, एक.
एक, नऊ, चार. हे जमलं.
सात, दोन, आठ, पाच.
पाच, आठ,
मग खिडकीबाहेर कोणीतरी नळ सोडला.

मी कंडक्टर होतो हो.
डिचोली ते म्हापसा, सोळा वर्षं, खाजगी बस, मागचं दार.
तिकीट कुणी मागायचं नाही, कुणी द्यायचं नाही,
सगळा हिशेब टाळूखाली:
निळ्या साडीला माझ्याकडून आठ रुपये, शिरसईला उतरणार,
पावाची पिशवीवाला अस्नोड्याचा, पैसे दिलेत थिवीचे,
दोन पोरी कॉलेजच्या, एकीने दोघींचे दिलेत,
आणि मधल्या बाकावर तो, जो झोपेचं सोंग घेतो.
पत्र्यावर दोन थापा म्हणजे चल, एक म्हणजे थांब.
कोणाचे सुट्टे राहिले तर
रात्री अंथरुणात उठून बसायचो.

कधीपासून गळायला लागलं, विचारतात.
असा वार नसतो.
एक बाई ओरडली, माझे बारा दे.
मी म्हटलं, दिले.
ती म्हणाली, नाही दिले.
खरं सांगतो, मला दोन्ही आठवत होतं.

करासवाड्याजवळ एक निळा दरवाजा आहे.
पहिल्या फेरीला तिथे अर्धी क्वार्टर,
हात कापू नये म्हणून, नाहीतर नाणी सांडायची.
मग दुसऱ्या फेरीला. मग फेऱ्या मोजायचं काम
मालकाने दुसऱ्याला दिलं.

बांबोळीला आणखी एक खेळ खेळवतात.
पडद्यावर दोन चित्रं, खुर्ची आणि बाटली,
दोन्ही जातात, एकीच्या जागी टिंब येतं,
दिसलं की बटण दाबायचं.
टिंब बाटलीच्या जागी आलं
की माझं बोट आधीच पोचलेलं.
"इथे तुम्ही फार पटकन," बाई म्हणाल्या,
आणि खाली मान घालून काहीतरी लिहिलं.
मी खूश झालो होतो, क्षणभर.

घरी प्रेमावती आता तोंडी काही सांगत नाही.
काड्यापेटी, खोबरेल, कोथिंबीर सांगितली
तर मी मेणबत्ती आणतो. एकच. का, ते माहीत नाही.
म्हणून चिठी लिहिते, माझ्या खिशात घालते,
आणि खिशावर हात ठेवून थोडी थांबते.
पैसे चाचपते की काय, मी विचारलेलं नाही.

आज एकोणपन्नासावा दिवस.
म्हापशाहून बस धरली, खिडकीची जागा मिळाली.
कंडक्टर पोरगा, कानात वायर.
माझे पाच रुपये त्याच्याकडे राहिले.
मी ठरवलं, मागायचे नाहीत, नुसते धरून ठेवायचे.
पाच.
करासवाडा आला. पाच.
निळा दरवाजा उघडाच होता, आत पंखा फिरत होता,
कोणीतरी हसलं,
पाच, पाच, पाच,
ओठ हलत असणार, शेजारची बाई सरकून बसली.
थिवी गेली.
शिरसई गेली, एक थाप, दोन थापा.
पोरगा आला. मी म्हटलं, पाच.
त्याने न बघता नाणं दिलं.

नाणं हातात घट्ट धरलं आणि बाहेर पाहिलं
तर मुळगाव.
माझं अस्नोडा केव्हाच मागे.

उतरलो. दुपारचं ऊन, दुकानं मिटलेली,
आता उलटं चालत जायचं.
रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजू,
बोंडवांचा आंबूस वास पार नाकाच्या मुळापर्यंत,
आणि झाडीमागे कोणाच्या तरी भट्टीचा धूर,
सरळ, वाऱ्याशिवाय.

खिशातून चिठी काढली.
मोठ्याने वाचायला लागलो:
मीठ. साबण. लवकर ये.
मीठ, साबण,
मीठ.