अंगण वाकडं

शेफील्डमध्ये, डॉन नदीच्या काठाला,
जिथे पूर्वी कानशी घडवायचे त्या इमारतीत
दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल आहे.
भिंतीत अजून लोखंडी कड्या आहेत,
कशासाठी, ते कुणालाच माहीत नाही.
मी अवजारं तपासते.
माणसांच्या हाती जाणारी नव्हेत;
ज्याला हातच नाही, त्याच्यासाठी केलेली.

आज सकाळपासून मिसेस ऑल्डरसन.
वय एक्क्याऐंशी, डावा डोळा, मोतीबिंदू,
मंगळवार, सव्वादहा.
तिची वेळ शुक्रवारवर न्यायची, एवढंच काम.
बाई खरी नाही. मीच रचली, गेल्या नोव्हेंबरात,
एका कंटाळवाण्या दुपारी;
रॉदरहॅमला राहणारी एक बहीणही दिली, गरज नसताना.
तेव्हापासून एजंटने तिला दोनशे बारा वेळा हलवलं.
एकदा डॉंकास्टरला धाडलं.
एकदा तीस फेब्रुवारीला.
आणि अवजार म्हणालं, झालं.

झालं.
गवंडी म्हणतो झालं, तेव्हा प्लास्टर ओलं असतं.
आई म्हणायची 'झालं!', तेव्हा दूध उतू गेलेलं असायचं.
या अवजाराचं झालं तिसऱ्याच जातीचं:
काहीही झालेलं नसताना, शांत आवाजात.
एजंटला खिडकी नाही.
जे उत्तर येतं, तेवढंच त्याचं जग.
तो अदबीनं पत्र लिहितो:
आपली वेळ बदलण्यात आली आहे.

मीटिंगमध्ये फर्गस म्हणाला, एजंटच मठ्ठ आहे,
मोठा आणा, महागातला आणा.
मला आपली म्हण आठवली, नाचता न येणारीची.
इंग्रजीत समजावत बसले नाही.
पण त्या बाईचं
कुणी एकदा तरी ऐकून घेतलं होतं का?
ओळंबा घेऊन गेलं होतं का कुणी अंगणात?

मी गेले.
माहितीत लिहिलंय, 'तारीख द्या.' कशी, ते नाही.
०३/०४. इथे तीन एप्रिल;
ज्याने अवजार केलं त्या ओहायोच्या पोराकडे चार मार्च.
एक आज्ञा 'बदला', दुसरी 'नवीन करा',
पहिली नोंद दुरुस्त करते, दुसरी पुसून टाकते.
फरक फक्त त्या पोराच्या डोक्यात,
आणि तो नोकरी सोडून गेलाय.
चुकलं तर म्हणतं, 'काहीतरी बिघडलं.'
अरे, पण काय?
चांगला वीतभर उतार निघाला.

दुपारी दुसरं अवजार. लीड्सच्या दोघींनी केलेलं.
रूप यथातथा, नाव मालगाडीएवढं.
मुद्दाम तीस फेब्रुवारी दिली.
म्हणालं: असा दिवस नाही.
शुक्रवार हवा असल्यास सत्तावीस तारीख आहे,
नऊ वाजता किंवा पावणेतीनला जागा आहे.
अजून काहीही बदललेलं नाही.

हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.
इतकं स्वच्छ मला बँकेत कुणी सांगितलं नव्हतं.
लग्नातही नाही.

आणि त्याच एजंटनं, फर्गसच्या मठ्ठानं,
दुसऱ्या खेपेला सत्तावीस लिहिली, नऊ वाजता,
मग कुणी न सांगता
नोंद उघडून एकदा बघून घेतली.

गुण भरले. एकाला दोन. एकाला साडेचार.
अर्धा का कापला? शेऱ्यात लिहिलं, नाव लांब.
खरं म्हणजे पाचपैकी पाच दिले
की लोक पुन्हा तपासत नाहीत.

सहाला दिवे आपोआप मालवतात.
रात्री एकला सगळं मुळावर येईल, चाचणीचा नियमच तसा.
शुक्रवार पुसला जाईल. रॉदरहॅमची बहीण राहील.
मिसेस ऑल्डरसन पुन्हा मंगळवारी, सव्वादहाला,
मांडीवर पर्स घेऊन बसलेली,
आणि डाव्या डोळ्यात तोच मोती.